बाईंनी न तपासलेला प्रश्न

"ताई, नगरपालिकेने मुलींचं वसतिगृह बंद केलं, विरोध करणाऱ्या पोरींनी लाठ्या खाल्ल्या, आणि लाखो चाहते असूनही तुम्ही गप्प! का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून केतकीने बाईंनी तपासून दिलेला आवडत्या रंगाचा प्रश्न सोडून भर स्नेहसंमेलनात हेच विचारलं. पाहुणी म्हणून आलेली लाडकी गायिका हसली. "मी बोलले, तर माझे कार्यक्रम बंद पडतील. तू बोललीस, तर तुझं काय बंद पडेल?"

"माझं? काहीच नाही!" केतकी ठसक्यात म्हणाली.

टाळ्या थांबल्यावर शेजारची अबोली कुजबुजली, "काहीच नाही? मग उद्या मोर्चाला ये की! वसतिगृहाच्या ठरावावर सही तुझ्या नगराध्यक्ष बाबांचीच आहे ना, बये?"

केतकीचा चेहरा खर्रकन उतरला.

घरी जेवताना बाबांनी कौतुकाने विचारलं, "काय म्हणाली तुमची ताई?"

केतकीने हातातला घास ताटात ठेवला. आवाज थरथरू नये म्हणून ती जरा मोठ्यानेच बोलली.

"आई, बाबा, उद्या मी मोर्चाला जाणार आहे. माझं काय काय बंद करायचं, ते आत्ताच ठरवून टाका."