पारूबायचे पेढे

"दारूने नाय, विषाणूने." पारूबायने शेजारणीच्या तोंडात पेढा कोंबला. "नीट ऐक आणि चारचौघींत सांग. कागदावर हाय."

बोईसरच्या कंपनीतल्या तपासणीत प्रदीपच्या लिव्हरला सूज निघाली, तेव्हापासून तीन आठवडे ती त्याचं तोंड हुंगत होती. संध्याकाळी दारातच अडवायची. "हा कर." एका मुलीचा बाप झालेला लेक मुकाट हा करायचा. लिव्हर बिघडतं ते पिणाऱ्याचंच, हे अख्ख्या पाम गावाला ठाऊक होतं.

आज पालघरच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं. हेपॅटायटिस बी. वेळेत कळलं, औषध आहे. दुर्लक्ष झालं असतं तर पुढे कॅन्सरचा धोका होता. पारूबायने त्यातलं एवढंच उचललं, की माझा प्रदीप पीत नाय. आनंदाच्या भरात तिने नातीचे कानही आजच टोचायला काढले.

सासूची सुई तिने हळदीत बुडवली. घरातली सगळी पोरं या एका सुईने तिनेच टोचली होती. सोनाराला उंबरा चढू दिला नव्हता.

सून भावना डॉक्टरांनी दिलेला कागद वाचत होती. "आई, बुरशीचे शेंगदाणे खाऊ नका म्हणतात. त्यानेपण लिव्हरचा कॅन्सर होतो."

"पोत्यासकट फेकते. आज काय मागशील ते." पारूबायने नातीच्या कानाची पाळी चिमटीत धरली. "आणि हा विषाणू मेला आला कुठनं, ते लिवलंय का?"

"रक्तातून. एकाला टोचलेली सुई तशीच दुसऱ्याला..." भावनाची नजर कागदावरून सासूच्या हातातल्या सुईवर गेली.

सुई कानाला टेकली होती. तिथेच थांबली.

प्रदीपचे कान टोचले त्या सकाळी पाटावर दोन पोरं होती. आधी जावेचा निमेश, मग प्रदीप. मधे सुई पदराला पुसली, बस. निमेश चार वर्षांपूर्वी लिव्हरच्या कॅन्सरने गेला. चोरून ढोसत असणार, हे गावात पहिल्यांदा बोलली ती पारूबायच. तेव्हापासून जाऊ या अंगणात आली नव्हती.

पारूबायने सुई चुलीत टाकली. वाडीचं कुंपण ओलांडून ती जावेच्या दारात उभी राहिली. पेढ्यांचा पुडा हातात तसाच होता, तो तिने पाठीमागे लपवला.

"शैला," ती म्हणाली, "तुझा निमेशपण पीत नव्हता गं."