रविवारची भेट

बुऱ्हाणपूरच्या कोर्टानं घटस्फोट दिला. मृणालचा ताबा आईला आणि बापाला रविवारची भेट. पहिल्याच रविवारी वैजयंती लेकीला नटवून वाट बघत बसली, पण चांदनी गावाहून रितेश काही उगवला नाही. तिनं तणतणत फोन लावला, "कोर्टात पोरीसाठी गळा काढत होता ना? मग न्यायला का नाही आला?"

"मजाक करते का, वैजू? निकालाच्या संध्याकाळी तूच तर तिला पाठवली. तेव्हापासून इकडेच आहे. ही बघ, केळी खातेय."

वैजयंतीनं खाली बघितलं. मांडीवरच्या मृणालनं हळूच तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "मम्मी, बोलू नको ना. जज मॅडमला कळलं तर आमच्यातल्या एकीला जावं लागेल."

कुठल्या एकीला, ते वैजयंतीनं विचारलंच नाही. मुकाट्यानं फोन ठेवला. आणि गंमत बघा, रितेशनंही पुन्हा केला नाही.