एका दिवसाचा किडा

मनातलं बोलायची वेळ आली की संग्रहालयातल्या लेबलवाल्याच्या तोंडून ग्रीकच बाहेर पडायचं. शेजारच्या टेबलावर बसून किडे टाचणीला लावणाऱ्या बाईंना त्याचं तीन वर्षांत सगळं सांगून झालं होतं. माशी डिप्टेरा, म्हणजे दोन पंखांची. भुंगेरा कोलिऑप्टेरा, म्हणजे म्यानात पंख ठेवणारा. सांगायचं होतं तेवढंच राहिलं होतं. आणि उद्या बाई बदली होऊन दुसऱ्या गावी चालल्या होत्या.

शेवटचा किडा त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. "याचं काय?"

"एफेमेरा. ग्रीकमध्ये, एका दिवसापुरता. पंख फुटले की जेमतेम दिवसभर जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा. खाण्यापिण्याचं नावच नाही, तोंड असून नसल्यासारखं."

बाईंनी टाचणी खाली ठेवली. "म्हणजे तोंड नसताना यानं एका दिवसात जमवलं?"

"हो."

"आणि काही जणांना चांगलं धडधाकट तोंड आहे, तीन वर्षं झाली, तरी बसलेत आपले पंख मोजत!"

लेबलवाल्याचे कान लाल झाले. त्यानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, घसा खाकरला.

"ग्रीकमध्ये," तो म्हणाला, "लग्नाला गामोस म्हणतात."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आता हे कुठल्या किड्याचं?"

"किड्याचं नाही हो," तो कसाबसा म्हणाला. "आपलं."