चित्रं ओळखा

"बाबा, पडद्यावर चौकोन दिसतात ना? ज्याच्यात नळ हाय, त्याच्यावर बाण नेऊन दाबा."

जानराव नुकतेच शेतातून आले होते. ओले हात दुपट्ट्याला पुसत ते लेकीच्या लॅपटॉपपुढं वाकले.

"कोणता नळ?"

"आग विझवाचा. रस्त्यावर असते म्हणे, लाल."

"असा नळ आपल्या केनवडात त नाई. वाशीमलेबी नाई पाह्यला म्या." त्यांनी डोळे बारीक केले. "हे एक बुटकं लाल दिसून राह्यलं. हेच हाय का?"

मंजुषाला ते सांगता येणार नव्हतं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

जानरावांनी दाबलं. चुकलं. नवी चित्रं आली. पुन्हा चुकलं. ऐकून ओळखायचंही एक बटण होतं, त्यातून नुसती खरखर यायची.

पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारानं मंजुषा बी.ए. झाली होती. वाशीमच्या एका वकीलबाईंनी तिला पहिलंच काम दिलं होतं. पक्षकारांचं बोलणं रेकॉर्डिंगवर ऐकायचं आणि मराठीत टाइप करायचं. संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, उद्या ते कोर्टात लागणार होतं. आणि सकाळी सॉफ्टवेअर अपडेट झालं, तसा त्याचा मराठी आवाज गेला. इंग्रजी ते घडाघडा वाचायचं, मराठी ओळ आली की गप्प. तिनं चार पानं टाइप केली होती, पण त्यात काय चुकलंय हे तिला कळायला मार्ग नव्हता.

अशा अडचणी विचारायला त्या सॉफ्टवेअरचा फोरम होता. वापरणारे तिथं प्रश्न टाकायचे, जाणकार उत्तरं द्यायचे. पण आत शिरायच्या आधी ही चित्रं.

"हे कायले विचारून राह्यले पण?" जानराव वैतागले.

"आपण माणूस हाओ, मशीन नाई, हे दाखवा लागते बाबा. मंग आत घेतात."

जानराव सरळ उभे राहिले.

"माणूस हाओ, हे इथंबी पटवून द्या लागते का?"

मंजुषानं मोबाइल उचलला. फोरमच्या पानाच्या तळाशी एक ईमेलचा पत्ता होता. मोबाइलवर बोलून तिनं मजकूर लिहिला. मला दिसत नाही, म्हणून मी तुमचं सॉफ्टवेअर वापरते. ते बिघडलं, म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही मला चित्रं ओळखायला सांगता. खाली स्वतःचा नंबर दिला आणि पाठवून टाकलं. उत्तर येईल असं काही तिला वाटत नव्हतं.

चहा होईपर्यंत फोन वाजला.

"मंजुषाताई? मी उत्कर्ष, नागपूरहून. फोरम मीच सांभाळतो. आधी तुमचा आवाज आणू, मग बाकीचं बोलू."

नव्या अपडेटमध्ये मराठी आवाज नेटवरून वेगळा उतरवून घ्यावा लागत होता. तो कुठं सापडेल ते उत्कर्ष सांगत गेला, मंजुषा एकेक कळ दाबत गेली. केनवडचं नेट रेंगाळत होतं. जानराव चहाचा कप हातात धरून तसेच उभे होते.

आणि एकदम लॅपटॉप बोलला. तिनंच टाइप केलेली ओळ, स्वच्छ मराठीत: "माझ्या शेताच्या धुऱ्यावरचं लिंबाचं झाड कोणी तोडलं, हे मला माहीत नाही."

"बोल्लं पोरी!" जानरावांच्या कपातला चहा सांडला.

मंजुषा हसली. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"ताई, एक विचारू?" फोनवर उत्कर्ष अजून होता. "मराठी आवाज गेल्याची फोरमवर एकही तक्रार आली नाही. आम्हाला वाटलं, सगळं बरं चाललंय."

"तक्रार करायला आत तर यावं लागते ना, सर."

"चित्रं मीच लावली होती. भलत्यासलत्या जाहिराती फार घुसायच्या. ती काढतो. त्यांच्या जागी साधा प्रश्न ठेवू? शनिवारनंतर कोणता वार, असा काही?"

"चालेल. वाचून ऐकता आला पाहिजे, बस. आणि मराठीतही ठेवा."

"ठेवतो. पण तपासून तुम्हीच सांगा. मला दिसतं, म्हणून मला कळलंच नाही."

तिनं आधी वकीलबाईंचं काम हातात घेतलं. चारही पानं ऐकली, चुका काढल्या, उरलेलं टाइप केलं. उन्हं कलायच्या आत पाठवलंही. बाईंचं उत्तर दोनच शब्दांचं होतं: "उत्तम झालं." तिनं ते लॅपटॉपकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

मग उत्कर्षचा निरोप आला: बदल केला आहे, बघा.

फोरमच्या दारात आता एकच ओळ होती. लॅपटॉपनं ती मराठीत वाचली. मंजुषानं "रविवार" टाइप केलं आणि आत गेली. मराठी आवाज कसा परत आणायचा, ते नीट एकेक पायरी करून लिहिलं, खाली नाव घातलं. एवढं झाल्यावर ती आईला भाकरी करू लागायला उठली.

ती परातीपाशी बसते न बसते तोच लॅपटॉप बोलला. फोरमवर कोणीतरी काही लिहिलं होतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती आली.

लिहिणाऱ्यानं नाव दिलं नव्हतं. शब्दही अडखळत टाइप केलेले.

"पहिल्यांदाच आत येता आलं. इथं कोणी आहे का?"

मंजुषानं हात ओढणीला पुसले आणि लिहिलं, "आहोत. सांगा."