अण्णांचं नेट जातं तेव्हा

"अण्णा, दार सताड उघडं टाकून झोपता का तुम्ही?" लॅपटॉपवरची नजर न काढता मुलाने विचारलं.

"नाही बुवा. दोन कड्या लावतो."

"मग राउटरला पासवर्ड का नाही? सगळी बिल्डिंग घुसलीय तुमच्या नेटवर. नुसती धर्मशाळा झालीय."

अण्णा चहाचं आधण ठेवत होते. मुलगा एका दिवसासाठी आला होता, आणि आल्यापासून राउटरशीच बोलत होता.

"आणि हे काय? रोज चारच्या सुमारास नेट बंद पडतं? कुणीतरी चाळे करतंय."

अण्णांच्या हातून चमचाभर साखर ओट्यावर सांडली.

चाळे अण्णाच करत. रोज आधण ठेवलं की राउटरचं बटण बंद. उकळी फुटायच्या आत दारावर टकटक. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई येत, समोरचे घड्याळवाले येत. "अण्णा, नेट गेलंय का हो?" "बघतो. बसा तोवर." बिघाड मोठा हट्टी होता. कप रिकामे झाल्याशिवाय सापडतच नसे.

"उद्या तुमच्या नेटवरून कुणी एखाद्याला लुबाडलं ना, तर पोलीस येतील तुमच्या दारात."

पोलीसही चहा घेत असतील, असं अण्णांच्या मनात आलं. पण हे बोलायची ही वेळ नव्हती. मुलाची बोटं भराभर चालली होती.

"राहू दे की रे. कुणाचं काय जातंय?"

"झालंसुद्धा," मुलगा म्हणाला. "नवा पासवर्ड. सगळे बाहेर."

टकटक झाली. अण्णांनी हात पुसेपर्यंत मुलगा दारात पोचला होता.

"नेट गेलंय का हो?" शिंपीणबाईंचा आवाज.

"गेलं नाही, पासवर्ड टाकलाय. यापुढे मिळणार नाही."

"असं होय. बरं."

चपला जिना चढून गेल्या. त्यांच्यामागोमाग समोरचं उघडलेलं दारही हळूच लागलं. अण्णा कान देऊन उभे होते. ओट्यावर चार कप मांडलेले होते. त्यातले दोन त्यांनी उचलून परत फळीवर ठेवले.

मुलगा ते बघत होता.

"एवढं जिवावर येत असेल तर सांगा त्या दोघांना पासवर्ड," तो जरा नरमून म्हणाला. "एकदाच टाकायचा. पुढे फोनच लक्षात ठेवतो. पुन्हा विचारायला यायचं कामच नाही."

"कामच नाही?"

"जन्मात नाही."

अण्णांनी गॅस बारीक केला.

"आणि रोज बदलला तर?"