दाराला लिंब

मनुबाईने लिंबाचा डहाळा दाराच्या चौकटीत खोचला. उंबऱ्याशी निखाऱ्यांचं खापर ठेवून त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. धूर उठला. बाळंतिणीच्या घराला लागतं ते सगळं झालं. आता फक्त बाजेवर बाळंतीण निजायची राहिली होती.

"नीज बाई," ती लेकीला म्हणाली. "तुज्या पाया पडते."

लीला भिंतीला टेकून उभी होती. याच बाजेवर गेल्या महिन्यात तिला पोरगा झाला होता आणि तो रडलाच नव्हता. मनुबाईने तिच्या कानांवरून फडकं बांधलं, तशी ती आडवी झाली. घरातली एकुलती एक बरी चादर मनुबाईने गुंडाळली आणि तिच्या कुशीत ठेवली. आईने लेकीकडे असलं काही मागू नये, हे तिला कळत होतं.

मनुबाईचा नवरा कृष्णात बाहेर कट्ट्यावर बसला होता. दोन यंत्रमाग घ्यायचे म्हणून त्याने हे घर पतपेढीकडे गहाण टाकलं होतं. सुताचे भाव भडकले, माग भंगारात गेले आणि आता थकलेल्या हप्त्यांपायी घराची पाळी आली होती. आज सांगलीहून कोर्टाचा बेलीफ कुलूप घेऊन यायचा होता. फौजेतला थोरला लेक अर्जुना फंडातून पैसे काढून पाठवणार होता, पण त्याचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून होता कोण जाणे. थोडे दिवस हवे होते, बस.

बेलीफ ऊन चढल्यावर आला. सायकल भिंतीला लावली, पिशवीतून कुलूप काढलं आणि पायरीवर टाकलेला पाय डहाळा दिसताच मागे घेतला.

"घरात बाळंतीण हाय व्हय?"

कृष्णात कट्ट्यावरून उठून उभा राहिला. त्याला जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं. माग विकणाऱ्या दलालाचं खोटं ऐकून घ्यायला तेवढं जमलं होतं. दाराआडून मनुबाईच म्हणाली, "व्हय सायेब. लेक हाय. काल रातीच मोकळी झाली."

बेलीफ मुरलेला माणूस होता. कुलूप दिसलं की धडधाकट म्हातारे कसे अंथरुणाला खिळतात, ते त्याने पुष्कळदा पाहिलं होतं.

"रडं कसं ऐकू येत न्हाई?" तो म्हणाला आणि शेजारच्या दारात उभ्या असलेल्या म्हातारीला त्याने हाक मारली. "मावशी, जरा हिकडं या. खरं सांगा, हितं कोन बाळंत झालंय?"

ती राहीबाई होती, सुईण. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली, आणि लीलाचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. राहीबाईला मनुबाईने काहीच सांगून ठेवलं नव्हतं. सांगायची लाज वाटली होती.

राहीबाईने डहाळ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. मग दारातून आत बाजेकडे पाहिलं.

"लीला झालीया," ती म्हणाली. "म्याच सोडवली तिला. पोरगा झाला."

"मग गप कसा?"

"निजलाय."

बेलीफने आत डोकावलंही नाही. कुलूप परत पिशवीत टाकलं.

"वल्या बाळंतिणीला रस्त्यावर काढायचं पाप मला नगं," तो कृष्णातला म्हणाला. "तसं लिवून देतो सायबास्नी. सव्वा म्हैना झाला की येतो. तवर काय त्ये पैशाचं बघा." सायकलवर टांग टाकता टाकता तो थांबला. "आन् पोराला जपा."

तो वळणाआड गेला तसा कृष्णात ढसाढसा रडू लागला. राहीबाई घरात आली नाही. पदराने डोळे पुसत आपल्या दारात शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

मनुबाईने कडी घातली आणि बाजेशी वाकून लेकीच्या कानांवरचं फडकं सोडलं.

"ऊठ माजी बाय. गेला त्यो. घर वाचलं बघ."

तिने चादर उचलायला हात घातला. चादर निघेना. लीलाने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"सोड गं. गेला न्हवं त्यो आता."

"त्यानं सव्वा म्हैन्याची मुदत दिलीया न्हवं, आये?" लीला म्हणाली. "मग तवर ऱ्हाऊ दे."