बिनविरोध

"मतदारसंघ पुनर्रचनेत गेला, निदान त्याच्या आमदारांचा इतिहास तरी राहावा," गुरुजी वही उघडत म्हणाले. "बाहत्तर साली बिनविरोध निवड. कुमुदताई, तुमच्या वडिलांनी अर्ज मागे का घेतला?"

कुमुदताई पन्नास वर्षांनी बोलल्या. "मी सहा वर्षांची होते. आमदारांच्या माणसांनी मला शाळेतून आणून कचेरीबाहेर जीपमध्ये बसवलं. हातात पेढा दिला. अण्णांनी खिडकीतून पाहिलं आणि..."

तेवढ्यात नात पेढा खात शाळेतून आली. "आजी, बाहेर जीपमधल्या काकांनी दिला."

"आमदारांचे नातू," गुरुजी हसले. "पुस्तक तेच छापतायत, मला सोडायला आलेत. हं, मग अण्णांनी काय केलं?"

कुमुदताईंनी नातीच्या हातातला उरलेला पेढा काढून घेतला.

"काही नाही हो. बिनविरोधच लिहा."